सरतान आणि अम्मीचे प्रश्न

आमच्या मोहल्ल्यात कॅन्सरला कॅन्सर म्हणत नाहीत. ‘बडी बीमारी’ म्हणतात, तेही आवाज खाली करून. नाव घेतलं की ती घरात शिरते असा समज आहे. २०२३च्या जानेवारीत, कोणीही नाव न घेता, ती आमच्या घरात शिरली.

आम्ही म्हणजे तिघी बहिणी. थोरली सोलापुरातच सासरी असते, धाकटी घरी शिवणकाम करते आणि मधली, म्हणजे जिच्या हातून या ओळी उतरत आहेत ती, बी.एड. होऊन उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. अब्बांचा इंतकाल होऊन बरीच वर्षं झाली. भाऊ नाही. अम्मीच्या आजारात जे काही केलं ते तिघींनी मिळून केलं, म्हणून हे सांगतानाही ‘आम्ही’ असंच म्हणावंसं वाटतं.

अम्मीने छातीतली गाठ पाच महिने लपवली. कारण विचारलं तर म्हणाली, “मर्द डॉक्टर को क्या दिखाना? और दुखता बी नै था.” दुखत नाही म्हणजे काही नाही, हा हिशेब आपल्या बहुतेक बायकांचा असतो. स्तनातली कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, ही गोष्ट आम्हाला त्या महिन्यात कळली. शरम आणि न दुखणं, या दोघींनी मिळून पाच महिने खाल्ले.

पहिला झगडा सुईच्या तपासणीवरून झाला. फुफी येऊन सांगून गेल्या की सुई टोचली, चाकू लागला की ही बीमारी अंगभर पसरते. मोहल्ल्यात दहापैकी आठ माणसं हेच सांगतात. पण गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ती कॅन्सरची आहे की साधी, आणि कॅन्सर असेल तर कोणत्या जातीचा, हे कळतच नाही. पसरायचा तो कॅन्सर मुळात उशिरामुळे पसरतो. लोक उशिरा जातात, तोवर तो पुढे गेलेला असतो आणि दोष मात्र सुईवर येतो. हे अम्मीला पटायला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी तिने विचारलं, “नाव तरी काय आहे या बीमारीचं उर्दूत?”

उर्दूत सरतान. शब्द अरबीतून आला, अर्थ खेकडा. मराठीतला कर्क म्हणजेही खेकडा आणि इंग्रजी कॅन्सरही लॅटिनमधल्या खेकड्यावरूनच. गाठीभोवती पसरलेल्या शिरा पाहून ग्रीक हकीमांना खेकड्याचे पाय आठवले असावेत. दहाव्या शतकात अंदलूसमध्ये अबुल कासिम अज़्ज़हरावी नावाचे मोठे जर्राह होऊन गेले. त्यांच्या ‘अत्तसरीफ’ या तीस भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. त्यात ते लिहितात त्याचा आशय असा: सरतान नवा आणि लहान असेल, पूर्ण काढता येईल अशा जागी असेल तर कापून काढावा, जुना आणि मोठा झालेल्याच्या जवळ जाऊ नये. हजार वर्षांनी औषधं बदलली, यंत्रं बदलली. लवकर आणि लहान असताना गाठावं, हे मात्र बदललं नाही. अम्मीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपल्याच जर्राहांनी सांगितलंय का?” त्यानंतर तिने सुईला नकार दिला नाही.

फेब्रुवारीत सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठली. परळच्या टाटा रुग्णालयात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. कॅन्सरचा इलाज म्हणजे एक औषध नव्हे. चार-पाच निरनिराळे इलाज आहेत आणि कोणाला कोणता, कोणत्या क्रमाने द्यायचा हे ठरवणं हाच निम्मा इलाज. शेजारच्या बाकावरच्या बाईला आधी केमो आणि नंतर ऑपरेशन होतं. अम्मीला आधी ऑपरेशन. अम्मीला वाटलं, आपल्याकडे कोणीतरी कमी लक्ष देतंय. तसं नसतं. गाठ फार मोठी असेल तर आधी औषधाने ती लहान करतात, काढण्याजोगी असेल तर आधी काढतात.

ऑपरेशनचा नियम सोपा आहे: जे दिसतं ते, आजूबाजूच्या चांगल्या मांसाच्या कडेसकट, काढून टाकायचं. पूर्वी अख्खा स्तन, खालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सरसकट काढत. १९७०च्या दशकात इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या सर्जनांनी शेकडो बायकांवर अभ्यास सुरू केले. लहान गाठ असेल तर फक्त गाठ काढून वर किरणांचा इलाज दिला तरी बायका तितक्याच जगतात, हे त्यातून निघालं. २००२ साली दोघांच्याही अभ्यासाचे वीस वर्षांनंतरचे निकाल आले, तेही तेच सांगणारे. अम्मीची गाठ त्या मर्यादेबाहेर गेली होती. पूर्ण स्तन काढावा लागला. काखेतल्या गाठींपैकी दोनांत रोग पोहोचला होता. लपवलेल्या पाच महिन्यांत तो तिथे गेला की आधीच गेला होता, याचा हिशेब आम्ही कधी मांडला नाही. मांडून उपयोग नव्हता.

काखेतल्या गाठी काढल्या की हात जड होतो, सुजू शकतो. त्या हाताला सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, जड पिशवी नाही. व्यायाम म्हणून भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. घरी आल्यावर मधलीने शाळेतला खडू आणून भिंतीवर रोजची खूण करायला सुरुवात केली. तकबीरला दोन्ही हात कानापर्यंत जाईनात, याचं अम्मीला सगळ्यात जास्त दुःख होतं. एकविसाव्या दिवशी खूण कानाच्या वर गेली. त्या दिवशी तिने कोणाशी न बोलता अस्रची नमाज जरा लांबवली.

खरा पेच त्यानंतर आला. “गाठ काढली ना? मग आता हे जहर कशाला?” अम्मीने केमोला साफ नकार दिला. डॉक्टरांनी समजावलं ते घाईत आणि निम्मं इंग्रजीत. रात्री धाकटीला सुचलं. अम्मी ईदच्या बिर्याणीचा तांदूळ निवडते आणि निवडून झाल्यावर पुन्हा सुपात घेऊन पाखडते. धाकटी म्हणाली, “चुनको बी फिर फटकती नै क्या अम्मी? जो आँख को नै दिखता वो निकालने को?” ऑपरेशन म्हणजे निवडणं आणि केमो म्हणजे पाखडणं. रक्तातून कुठे निसटलेल्या, कोणत्याही यंत्रात न दिसणाऱ्या पेशींसाठी ते अंगभर फिरवायचं औषध आहे. अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “कितने बार फटकना?” आठ वेळा. दर तीन आठवड्यांनी.

तीन आठवडेच का? केमो भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात. पण केसांची मुळं, तोंडातली, आतड्यातली कातडी आणि हाडांच्या मगजात रक्त बनवणाऱ्या पेशीही तशाच वाढतात. त्यांना सावरायला मध्ये वेळ द्यावा लागतो. म्हणून केस जातात, तोंड येतं आणि दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या दिवसांत ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं, ही सूचना आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाला चिकटवली होती. एकदा रात्री दोन वाजता ती कामाला आली.

पहिल्या चार वेळच्या औषधातलं एक लालभडक होतं. ते घेतल्यावर लघवी लाल होते. सांगितलेलं नसतं तर अम्मी घाबरून गेली असती. केस गेले तेव्हा बाहेर कोणाला कळलं नाही, डोक्यावर ओढणी कायमचीच. पण आरशासमोर ओढणी काढून ती रडली तेव्हा आम्हाला समजलं की केस लोकांसाठी नसतातच.

दुसरी केमो रमजानमध्ये आली. रोजे सोडायला ती तयार नव्हती. पण त्या औषधांपैकी एक लघवीच्या पिशवीला जाळतं, म्हणून भरपूर पाणी प्यावंच लागतं. अखेर मशिदीच्या इमामसाहेबांना घरी बोलावलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की बीमाराला सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, आणि दिलेली सवलत नाकारणं ही परहेजगारी नव्हे. डॉक्टरांच्या दहा वाक्यांनी जे झालं नाही ते या एका वाक्याने झालं. आपल्या इमामांना, शिक्षकांना, मोहल्ल्यातल्या चार शहाण्या बायकांना या इलाजांची तोंडओळख असली तर किती जीव वाचतील, हा विचार तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही.

केमोची कथा शाळेत सांगावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मस्टर्ड वायूने रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरतात हे पाहून, १९४२ साली अमेरिकेत त्याच जातीचं रसायन पहिल्यांदा रुग्णाला देण्यात आलं. १९४८ साली सिडनी फार्बर या डॉक्टरांनी रक्ताच्या कॅन्सरची मुलं काही काळ तरी बरी करून दाखवली. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातल्या भीमावरमचे शास्त्रज्ञ काम करत. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव आम्ही कधी पाहिलं नाही. आणि शाळेच्या कुंडीतली सदाफुली, उर्दूत सदाबहार, तिच्यातूनही मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचं एक औषध निघतं. अम्मीच्या शेवटच्या चार केमोंचं औषधही मुळात एका झाडाच्या सालीत सापडलेलं. हे ऐकल्यावर ‘जहर’ शब्द तिने जरा कमी केला.

त्यानंतर किरणांचा इलाज. ऑपरेशनसारखाच तो ठरावीक जागेपुरता असतो. आठवड्यातून पाच दिवस, एकूण पंधरा दिवस. आम्ही आळीपाळीने तिच्यासोबत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथे बिहारपासून बंगालपर्यंतची माणसं एकाच दुखण्याने शेजारी झालेली. किरणं पेशींमधला वारशाचा धागा तोडतात. चांगल्या पेशी तो बऱ्याच अंशी जोडून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ते नीट जमत नाही. म्हणून थोडी-थोडी मात्रा रोज. कातडीवर शाईच्या खुणा होत्या, त्या चोळून धुवायच्या नव्हत्या. अम्मीला गुस्लची चिंता, तीही इमामसाहेबांनी फोनवरून मिटवली. पण एका गोष्टीने आम्हाला हलवलं. परतल्यावर ती नातवाला जवळ येऊ देईना. तिला वाटत होतं, तिच्या अंगातून किरणं बाहेर पडतात. बाहेरच्या यंत्राने दिलेली किरणं अंगात राहत नाहीत. यंत्र बंद, किरण बंद. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पंधरा दिवस ती हे मनात घेऊन बसली होती.

आता रोज एक गोळी आहे. अम्मीच्या पेशी ईस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढणाऱ्या होत्या, पाळी गेल्यानंतरही शरीर ते थोडं बनवत राहतं. गोळी ते बनू देत नाही. पाच वर्षं घ्यायची. हाडं कमजोर होतात म्हणून कॅल्शियम. ज्यांच्या पेशींवर ‘हर-टू’ नावाचं प्रथिन जास्त असतं त्यांना नेमकं त्यावरच बसणारं इंजेक्शन मिळतं. शरीराच्या फौजेलाच जागं करणारी औषधंही आली आहेत. त्यामागच्या शोधासाठी २०१८ साली ॲलिसन आणि होंजो यांना नोबेल मिळालं. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, शिकवून परत देण्याचा रक्ताच्या कॅन्सरवरचा इलाज मुंबईतच आयआयटी आणि टाटा यांनी मिळून घडवला. २०२३ साली त्याला परवानगी मिळाली. पण ही औषधं प्रत्येकाला लागू पडत नाहीत आणि स्वस्तही नाहीत. अम्मीच्या खर्चाचा मोठा भाग महात्मा फुले योजनेतून निघाला. रेशनकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं, हे आम्ही सगळ्यांना सांगतो.

सगळ्यांचं असं होत नाही. गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या खाला वर्षानुवर्षं मिश्री लावत. तोंडातली जखम त्यांनी वर्षभर लेप लावून सांभाळली. रुग्णालयात गेल्या तेव्हा रोग फुफ्फुसापर्यंत गेला होता. तिथेही इलाज संपला नाही. मॉर्फिनच्या गोळीने दुखणं आवरलं, त्या शेवटचे तीन महिने झोपू शकल्या, बोलू शकल्या. दुखणं कमी करणं हाही इलाजच आहे. घरच्यांना आधी वाटलं होतं, डॉक्टरांनी हात वर केले.

आता बायका कागद घेऊन अम्मीकडे येतात. ती त्यांना डॉक्टरांना विचारायचे प्रश्न पाठ करून देते. कोणत्या जातीचा आहे? कुठवर गेलाय? हा इलाज बरं करायला आहे की आराम द्यायला? यानंतर काय? रात्री ताप आला तर कुठे जायचं? उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारायचं, लाजायचं नाही. तिची पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. तारीख तिने स्वतःच कॅलेंडरवर लिहिली आहे, उर्दू आकड्यांत.