खेळण्यांचे पाठभेद

मराठीचे अध्यापक या नात्याने पाठभेदांशी आमचा जुना परिचय. परंतु खेळण्यातील मोटारींनाही पाठभेद असतात, हे आम्हांला मार्सेल व्हान क्लीम्पुट यांच्या १९८९ च्या ग्रंथाने शिकविले. लेखक स्वतः कॉर्गी मोटारींचे मुख्य रचनाकार. १९५६ पासूनच्या गाड्यांचे रंग, चाके, फेरफार यांची त्यांनी घेतलेली नोंद चिकित्सक संपादकालाही शोभावी.

अशा नोंदींचे मोल डिंकीच्या युद्धपूर्व गाड्या पाहता कळते. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ झाल्याने त्यांतील कित्येकींना आपोआप तडे जातात, पुढे भुगाच होतो. मग उरतो तो ग्रंथ.

संग्राहकांच्या बाजारात मात्र पेटीतून क्वचितच निघालेली गाडी महाग, मुलाने मनसोक्त खेळविलेली स्वस्त. त्या ओरखड्यांचाही एक पाठ असतो, असे आम्हांला वाटते. त्याची सूची कोणी करीत नाही.