आमची टीम कुठली?

4 मार्च 2023, शनिवार. प्रायश्चित्तकाळ चालू होता. राखेच्या बुधवारी मी मम्मीला शब्द दिला होता की ईस्टरपर्यंत रात्रीच्या जेवणानंतर फोनला हात लावणार नाही. त्यात भक्ती थोडी आणि सेकंड पीयूसीची परीक्षा जास्त होती. 9 तारखेला पहिला पेपर, तोही कन्नडचा. पण त्या रात्री विद्यानगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात मी, पपा आणि आजी एकाच फोनवर डोकी टेकवून बसलो होतो. वरच्या मजल्यावर टीव्ही जोरात चालू होता. महिलांच्या डब्ल्यूपीएलचा अगदी पहिला सामना त्याच रात्री होता, त्यामुळे अख्खी गल्ली क्रिकेटमध्ये. आमच्या फोनवर सौदी अरेबियातलं रियाध होतं आणि संतोष ट्रॉफीची फायनल. कर्नाटक विरुद्ध मेघालय.

संतोष ट्रॉफी म्हणजे राज्याराज्यांची फुटबॉल स्पर्धा, 1941 पासून चाललेली. क्रिकेटमध्ये रणजी तशी फुटबॉलमध्ये ही. मला कितीतरी वर्षं वाटायचं की संतोष हे कुणा खेळाडूचं नाव असणार. नाही. संतोष हे गाव आहे, टांगाईलजवळचं. तिथल्या महाराजांच्या नावावरून ही ट्रॉफी आली, आणि ते गाव आता बांगलादेशात आहे. म्हणजे भारतातल्या राज्यांनी ज्या चषकासाठी भांडायचं, त्याचंच गाव सरहद्दीपलीकडे गेलेलं.

हे मला आवडतं, कारण आमच्या घरचं प्रकरण साधारण असंच आहे. पपा खानापूर तालुक्यातले, मराठी शाळेत शिकलेले, नोकरी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. मम्मी म्हापशाची. काका कोल्हापुरात. घरात मराठी, मम्मी फोनवर असली की कोंकणी, दारात भाजीवाल्याशी कन्नड, कॉलेजात इंग्रजी. कुणी 'तुम्ही कुठले?' विचारलं की पपा म्हणतात, "रेल्वेचे." हे उत्तर फुटबॉलमध्येही चालतं, कारण संतोष ट्रॉफीत रेल्वेची वेगळी टीम असते आणि ती जिंकलेलीही आहे, 1961, 1964 आणि 1966 ला. ज्यांना राज्य सांगायची अडचण आहे त्यांच्यासाठी बरी सोय.

त्या मोसमात ही सोय कामाला आली नाही. फेब्रुवारीत भुवनेश्वरला अंतिम फेरीचे दोन गट पडले. रेल्वे दुसऱ्या गटात गेली. आणि एकाच गटात कोण कोण? केरळ, पंजाब, ओडिशा, आणि कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र. आमचं डायनिंग टेबलच उचलून गटात टाकल्यासारखं.

एरवी हे नुसतं गमतीचं झालं असतं. पण आधीचा डिसेंबर तुम्हालाही आठवत असेल. सीमाप्रश्न पुन्हा पेटला, बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं, एसटी बंद झाली. काका आजीला भेटायला यायचे होते ते राहिले. मग फोनवर दोघा भावांचं लागलं. काका म्हणाले, "तू तिथं गप्प बसून बसून त्यांच्यातलाच झालास." पपा म्हणाले, "मी इथं राहतो. तू तिथनं बोलतोस." एवढंच. पण त्यानंतर नाताळच्या शुभेच्छासुद्धा फॅमिली ग्रुपवर आल्या, फोन आला नाही. आजी रोज विचारायची, "त्याचा फोन आला काय रे?" आणि पपा पेपर उलटा-सुलटा करत बसायचे.

काका फुटबॉलचे वेडे. कोल्हापुरात राहून दुसरं काही होताही येत नाही म्हणा. तिथं तालमींच्या टीम आहेत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ विरुद्ध पेठ. तर फेब्रुवारीत माझ्या चुलतभावाने ग्रुपवर महाराष्ट्राचा झेंडा टाकला. मामाने गोव्याचा. मामाच्या तोंडी अजून ब्रह्मानंद शंखवाळकरांचं गोलकीपिंग असतं आणि गोव्याची पाच विजेतेपदं. मी काय टाकणार? पपांना विचारलं तर म्हणाले, "अभ्यास कर."

कर्नाटक-महाराष्ट्र सामना होता त्या दिवशी मात्र ते ऑफिसला निघताना दारात बूट घालता घालता म्हणाले, "बरोबरीत सुटला म्हणजे बरं." निकाल मी संध्याकाळी पाहिला. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शेवटी गटातून पंजाब आणि कर्नाटक पुढे गेले. गतविजेता केरळ, गोवा, महाराष्ट्र, सगळे घरी. ग्रुपवरचे झेंडे बंद झाले. 1 मार्चला रियाधमध्ये कर्नाटकाने सर्व्हिसेसला 3-1 ने हरवलं आणि फायनल गाठली.

मी तेव्हा फक्त एक काम केलं, जुन्या विजेत्यांची यादी काढली. कर्नाटकाच्या नावापुढे चार विजेतेपदं दिसतात. 1946, 1952, मग 1967-68 आणि 1968-69. पण ही चारही म्हैसूर राज्याची. राज्याचं नाव कर्नाटक झालं 1973 मध्ये, आणि त्या नावाने एकदाही ट्रॉफी आलेली नव्हती. आणखी गंमत पुढे आहे. 1952 ला म्हैसूर जिंकलं तेव्हा हुबळी म्हैसुरात नव्हतीच, मुंबई राज्यात होती. खानापूरही. 1954 ला मुंबई जिंकली तेव्हा कायद्याने ती 'आमची' टीम होती. दोन वर्षांनी, 1956 च्या नोव्हेंबरात, आमची टीम बदलली. आजोबा घरातून हललेही नव्हते.

हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा आम्हाला कुणी विचारलं न्हाई, आता तू कशाला डोकं फोडून घेतीस?"

(मध्येच एक सांगते. गेल्या वर्षी आयरिश साहित्याचा पेपर करताना मला गेलिक फुटबॉल भेटला. हातानेही खेळतात, पायानेही, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या खेळाडूंनाही मानधन नाही. जो तो आपल्या काउंटीसाठी खेळतो. संघटना 1884 ची, देशाची फाळणी त्यानंतरची. त्यामुळे अल्स्टर प्रांताच्या स्पर्धेत आजही नऊ काउंट्या आहेत, सहा ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये आणि तीन आयर्लंड प्रजासत्ताकात. 2024 च्या अल्स्टर फायनलमध्ये सीमेच्या एका बाजूचं डोनेगल दुसऱ्या बाजूच्या आर्माला पेनल्टी शूटआउटवर हरवून गेलं, आणि जुलैत त्याच आर्माने अख्ख्या आयर्लंडची स्पर्धा जिंकली. तिथे सीमेवरून काय काय घडलंय ते आपण वाचलंय, तेव्हा उगाच गोड करून सांगत नाही. पण कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, कारवार, सावंतवाडी, म्हापसा अशी एक स्पर्धा असती तर पपांना दारात बूट घालताना बरोबरी मागावी लागली नसती, असं मला वाटतं.)

तर फायनल. दुसऱ्याच मिनिटाला सुनील कुमारने गोल केला. मी अजून फोन पाण्याच्या तांब्याला टेकवत होते. मग मेघालयाची पेनल्टी, 1-1. मेघालय आयुष्यात पहिल्यांदा फायनलला आलेलं, आणि खरं सांगायचं तर पहिली काही मिनिटं माझं मन त्यांच्याकडेच होतं. मग बेकी ओरामचा गोल, 2-1. पपा चष्मा वर करून म्हणाले, "ओराम? हे आडनाव ओडिशा-झारखंडकडचं न्हवं?" मध्यंतराच्या जरा आधी फ्रीकिक मिळाली. रॉबिन यादवने ती मारली. चेंडू जाळ्यात गेला आणि माझ्या तोंडातून निघालं, "नम्मवरु!"

'आपले' नाही, 'आमचे' नाही. नम्मवरु. चांगलं खणखणीत.

घरात एकदम शांतता. मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिला फोन दिसला, पण ती काही बोलली नाही. मला काकांचं वाक्य आठवलं, त्यांच्यातलाच झालास. पपांनाही तेच आठवलं असणार. मला लाज वाटली की राग आला हे अजून ठरवता येत नाही. शाळेत पहिलीपासून ज्यांच्याबरोबर ग्राउंडवर ओरडले, त्या मुलींचा तो शब्द. तो तोंडात आधी आला, यात मी कुणाचं काय चोरलं?

मग पपा हळूच म्हणाले, "ओराम, यादव. ह्यातले कानडी कितीसे असतील? बेंगळूरला पोटासाठी आलेली पोरं दिसतात. आमच्यासारखीच." आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

उत्तरार्ध वाईट गेला. मेघालयाने साठाव्या मिनिटाच्या आसपास 3-2 केलं आणि नंतरचा अर्धा तास आजी जपमाळ ओढत होती. कुणासाठी ते विचारलं नाही. शिट्टी वाजली. 54 वर्षांनी ट्रॉफी आली, कर्नाटक या नावाने पहिल्यांदा. विद्यानगरात एक फटाका वाजला नाही. वरच्या मजल्यावर मुंबईची टीम जिंकत होती, त्याचा आरडाओरडा मात्र ऐकू येत होता.

रविवारी मिस्सा संपवून घरी आलो, तर पपांचा फोन वाजला. काका. पपांनी दोन रिंग जाऊ दिल्या, मग स्पीकरवर टाकला.

"टीम जिंकली म्हणे तुमची."

"होय की," पपा म्हणाले. जरा थांबून, "बघितलास काय तू?"

"बघितलो. तो फ्रीकिक!"

मग पंधरा मिनिटं फ्रीकिक, मेघालयाचा डिफेन्स, कोल्हापूरच्या तालमी, कुणाचा गुडघा, कुणाचं लग्न. डिसेंबरचा विषय कुणी काढला नाही. तो अजूनही काढलेला नाही, आणि मिटलाय असं मी म्हणणार नाही. शेवटी काका म्हणाले, "ईस्टरला येईन म्हणतोय. गाड्या चालू आहेत न्हवं?"

"चालू आहेत."

आजीने फोन हातात घेतला आणि थेट विचारलं, "येताना काजू आण." काजू खानापूरचे की कोल्हापूरच्या बाजारातले, यावर दोघांचं पुन्हा वाजलं. तेवढ्यात मम्मीने माझा फोन उचलून कपाटात टाकला, तो परीक्षा संपेपर्यंत परत मिळाला नाही.