डबल अंडरस्कोरवाली मंडळी

सी मध्ये आपण एक अक्षर न लिहिताही काही नावं आधीच हजर असतात. फाइल, लाइन, डेट, टाइम. मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर. त्यात लाइन माझी लाडकी. रात्री दोन वाजता लॉगमध्ये ओळ नंबर दिसला की जीव भांड्यात पडतो. (फंक मात्र मॅक्रो नव्हे बरं का, तो सी99 ने दिलेला आयडेंटिफायर. फंक्शन कुठे सुरू झालं हे प्रीप्रोसेसरला कळतच नाही ना!)

डेट-टाइमशी मात्र माझं वाकडं आहे. कोड तोच, कंपायलर तोच, पण पुन्हा बिल्ड केलं की बायनरी वेगळी! मग "ही बायनरी याच सोर्सची कशावरून?" असं क्लायंटने विचारलं तर चेकसम काय जुळवून दाखवणार, कप्पाळ? डेबियनवाले 2013 पासून याच दुखण्याच्या मागे लागलेत. जीसीसी 7 पासून (2017) सोर्स-डेट-इपॉक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केलं की तारीख गोठते.

आणि फाइल? कंपायलरला पूर्ण पाथ दिला असेल तर तोच्या तो बायनरीत उतरतो. आमच्या एका जुन्या लायब्ररीवर सहज स्ट्रिंग्ज कमांड चालवली, तर केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या मित्राचं होम फोल्डर, अगदी नावानिशी! जीसीसी 8 मध्ये मॅक्रो-प्रीफिक्स-मॅप हा फ्लॅग आलाय यासाठीच. सोमवारी तो लावून लायब्ररी पुन्हा बिल्ड करणार. मित्राला स्क्रीनशॉट पाठवलाय, अजून उत्तर नाही.