मिटण्यापूर्वी

मराठी माणूस सहसा काही 'बंद' करीत नाही. रात्री दुकानदार दुकान बंद करीत नाही. तो ते वाढवतो. नारळ आपण फोडीत नाही, तोही वाढवतो. बाईच्या हातातली बांगडी फुटत नाही, ती वाढते. दिवा विझवायचा नसतो, मालवायचा असतो. आणि उठून निघालेला पाहुणा 'जातो' म्हणाला, तर घरातली म्हातारी माणसे त्याला 'येतो म्हण' असे बजावतात. शेवटाचे तोंड गोड करण्याची ही आपली जुनी खोड. वीस वर्षे मी ती वर्गात भाषेचे सौंदर्य म्हणून शिकवीत आलो आहे. मिटण्याच्या क्षणाला आपल्या वाडवडिलांनी एवढे का जपले असावे, याचे उत्तर मात्र मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. ते सापडले आमच्या महाविद्यालयातल्या गुणांच्या वहीत. आणि ती वहीसुद्धा कागदाची नव्हे, संगणकातली!

मराठीच्या मास्तराने ही उठाठेव कशाला करावी, असे वाचक म्हणतील. पण सांप्रत मास्तर अर्धा वेळ वर्गात असतो आणि अर्धा वेळ रकान्यांत. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन या दोघा अमेरिकनांनी तयार केलेली 'व्हिजिकॅल्क' ही आकड्यांची वही 1979 मध्ये बाजारात आली. 1985 मध्ये 'एक्सेल' आले, आणि 1993 पासून त्या वहीला 'व्हिज्युअल बेसिक' भाषेत आज्ञा लिहून देण्याची सोय झाली. अशा आज्ञांच्या संचाला मॅक्रो म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लांब किंवा मोठा. मी त्याचा अर्थ 'वहीला शिकवून ठेवलेले वळण' असा करतो. घरातल्या मुलाला आपण वळण लावतो, तसे वहीलाही लावता येते. उघडताना अमुक कर, छापताना तमुक कर आणि मिटताना असे वाग.

या मिटण्याची एक रीत आहे. तुम्ही वहीच्या कोपऱ्यातली फुली दाबली, की सर्वांत आधी 'बिफोरक्लोज' नावाची घटना घडते, म्हणजे 'मिटण्यापूर्वी'. तेथे काही शिकवून ठेवले असेल, तर वही ते करते. मग ती स्वतःलाच विचारते, 'माझ्यात काही बदलले आहे का?' बदलले असेल तर तुमच्यापुढे पाटी येते. तीवर तीन बटणे असतात: सेव्ह, डोंट सेव्ह आणि कॅन्सल. मराठीत सांगायचे तर ठेव, टाक आणि थांब. 'ठेव' म्हटले, की 'बिफोरसेव्ह' ही दुसरी घटना घडते आणि मग बदल जतन होतात. माणसाला आयुष्यात फार थोड्या वेळा हे तीन पर्याय एकत्र मिळतात. वहीला मात्र ते दर वेळी द्यावे लागतात.

गेल्या वर्षी सत्र संपताना आमच्याकडे एक प्रकरण उद्भवले. तासिका तत्त्वावर नेमलेल्या एका नव्या बाईंनी साठएक विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्या आणि शिक्षककक्षातल्या संगणकावर बसून दोन दुपारी सगळे गुण वहीत भरले. कार्यालयाने वही उघडली, तो रकाने कोरे! बाई म्हणाल्या, "मी भरले होते." कार्यालय म्हणाले, "मग गेले कुठे?" बाईंनी आपली टिपणवही पुढे केली, तर ही नंतर लिहिली नाही कशावरून, असा प्रश्न आला. कार्यालयातल्या काकांनी सर्वांसमक्ष प्रयोगही करून दाखवला. एका रकान्यात आकडा लिहिला, वही मिटली; वहीने रीतसर विचारले, त्यांनी 'ठेव' म्हटले; पुन्हा उघडली, आकडा जागच्या जागी. वही खरी ठरली आणि बाई खोट्या ठरल्या. बाईंकडे लेखी खुलासा मागितला गेला. तासांवर नेमलेल्या माणसाची पुढच्या वर्षीची नेमणूक अशा एका कागदावर लोंबकळत असते, हे मी वेगळे सांगायला नको.

बाई माझ्याकडे आल्या, त्या रडत नव्हत्या. आणि मला तेच अधिक वाईट वाटले. त्या इतकेच म्हणाल्या, "सर, मी जतन करायचं बटण दोन्ही दिवशी दाबलं होतं. ही वही घरी उघडते तेव्हा मिटताना विचारते. इथे मात्र विचारत नाही." त्या वाक्यातच सगळे प्रकरण होते.

मी शिक्षककक्षातल्या संगणकावर बसलो. एक आकडा लिहिला, जतनाचे बटण दाबले. तक्रार नाही, सूचना नाही. वही मिटली. प्रश्न नाही. पुन्हा उघडली; आकडा नाही! खाली कार्यालयात जाऊन तेच केले, आकडा शाबूत. वही एकच, सामाईक कप्प्यातली, बोटेही माझीच. मग फरक कशाचा?

'आल्ट' आणि 'एफ अकरा' या कळा एकत्र दाबल्या, की वहीचे अंतरंग उघडते. तेथे 'धिसवर्कबुक' नावाच्या कप्प्यात दोन वळणे लिहिलेली होती. पहिले 'बिफोरसेव्ह'मध्ये: कॅन्सल बरोबर ट्रू. म्हणजे कोणी जतन करू लागला, तर ते रद्द कर. हेतू वाईट नव्हता. सर्व रकाने तपासूनच वही जतन व्हावी म्हणून पहिल्या पानावर 'गुण जमा करा' असे स्वतंत्र बटण केले होते, आणि तेवढ्याच वाटेने जतन होणार होते. पण छापताना हे पान फुकट एक कागद खाते म्हणून कोणीतरी ते लपवून टाकले होते. कुलूप दाराला राहिले आणि किल्ली माळ्यावर गेली. दुसरे वळण 'बिफोरक्लोज'मध्ये: सेव्ह्ड बरोबर ट्रू. ही आज्ञा फार फसवी आहे. ऐकायला वाटते, वही जतन केली. प्रत्यक्षात ती जतन काहीच करीत नाही. 'मी जतन झालेली आहे' असे वहीला फक्त समजायला लावते. मग वहीला विचारण्याचे कारण उरत नाही आणि ती दोन दुपारींचे कष्ट निमूटपणे टाकून मिटते. व्याकरणाच्या माणसाला यातली मौज कळेल: 'जतन कर' हे आज्ञार्थी आणि 'जतन झाले आहे' हे विधान, एवढाच भेद. पण त्या भेदात साठ मुलांचे गुण बुडाले.

आता कार्यालयातल्या संगणकाचे कोडे उरले. आमच्या नाशकात गोदावरीला पूर आला, की लोक आकडे विचारीत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की छातीला, एवढे विचारतात. मॅक्रोचा दोष शोधण्याची युक्ती अगदी हीच आहे. वाटेत ठिकठिकाणी मारुती उभे करायचे. म्हणजे 'मी इथवर आलो' असे सांगणाऱ्या छोट्या पाट्या लावायच्या आणि पाणी कुठवर येते ते पाहायचे. मी दोन्ही वळणांच्या पहिल्या ओळीत अशी पाटी लावली. शिक्षककक्षात दोन्ही पाट्या झळकल्या. कार्यालयात एकही नाही! तेथे पाणी पात्रातच शिरत नव्हते.

कारण शुल्काच्या वहीत निघाले. काका सकाळी दहाला ती उघडीत. तिच्या मॅक्रोची पहिली ओळ होती, 'एनेबलइव्हेंट्स बरोबर फॉल्स', म्हणजे काम चालू असेतो कोणतीही घटना मोजू नकोस. आणि शेवटची ओळ होती, 'आता पुन्हा मोज'. पण एका मोडक्या सूत्रामुळे हा मॅक्रो रोज मध्येच अडखळे. काका 'एंड' दाबून पुढे जात; शेवटची ओळ कधी येतच नसे. ही मनाई एका वहीपुरती नसते. ती सगळ्या एक्सेलला लागू होते आणि एक्सेल पूर्ण बंद होईपर्यंत टिकते. त्यामुळे काकांच्या संगणकावर दिवसभर एकाही वहीचे वळण जागे नसे, आणि म्हणूनच तेथे गुणांची वही शहाण्यासारखी वागे. एका बिघाडाने दुसरा बिघाड झाकला होता. बाईंच्या घरचेही तसेच. सरावासाठी त्यांनी वहीची प्रत टपालाने घरी पाठवली होती. 1999 मध्ये 'मेलिसा' नावाचा विषाणू मॅक्रोच्या रूपाने जगभर पसरला, तेव्हापासून हे मॅक्रो बदनाम आहेत. आणि इंटरनेटवरून आलेल्या वह्यांतले मॅक्रो 2022 पासून एक्सेल आपणहून अडवून ठेवते. तेव्हा घरी वळणे झोपलेलीच, आणि वही इमानाने विचारणारी.

मी काकांना म्हणालो, "काका, एक्सेल सगळं बंद करा आणि फक्त गुणांची वही उघडा." त्यांनी उघडली, आकडा लिहिला, जतनाचे बटण दाबले, वही मिटली, आणि पुन्हा उघडली. रकाना कोरा होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिले. काका माणूस सरळ. इतर काही न बोलता म्हणाले, "सर, मॅडम खरं बोलत होत्या. मी वर जाऊन सांगतो." आणि ते खरोखरच जिना चढून गेले. खुलाशाचा कागद त्याच दिवशी मागे घेतला गेला. टिपणवहीवरून गुण पुन्हा भरले, आणि मुलांचे निकाल अडले नाहीत.

पण माझ्या मनातला एक प्रश्न अडून राहिला होता. वहीने विचारूच नये, असे कोणाला का वाटावे? त्या आज्ञेच्या वर रोमन लिपीत, पण मराठीत, एक टीप कोणी लिहून ठेवली होती: 'रोज विचारते, कटकट बंद केली.' वही रोज का विचारीत होती? तिच्या कोपऱ्यात आजची तारीख दाखवणारे 'टुडे' हे सूत्र होते. अशी सूत्रे वही उघडताच नव्याने मांडली जातात. मग कोणी बोट लावलेले नसले तरी वहीला वाटते, आपण बदललो. म्हणून ती विचारी. तारखेचे सूत्र काढून तेथे तारीख हाताने लिहिली असती, तर वही आपोआप गप्प झाली असती. त्याऐवजी तिचे तोंडच बांधले गेले. रडणारे मूल का रडते ते न पाहता त्याला अफूची गोळी द्यावी, त्यातला हा प्रकार. मूल झोपते; पण पुढे खरोखर पोटात दुखू लागले, तरी ते रडत नाही.

दुरुस्ती अगदी थोडी होती. तारीख साधी केली. 'सेव्ह्ड बरोबर ट्रू' ही ओळ पुसली. जतनावरची बंदी उठवून, गुण अपुरे असतील तर तसे सांगावे पण जतन होऊ द्यावे, असे केले. शुल्काच्या मॅक्रोला, चूक झाली तरी जाताना घटनांचे दार उघडून जा, अशी वाट काढून दिली. एक हौस मात्र राहिली होती: वहीने मराठीत विचारावे. मी पाटीचा मजकूर देवनागरीत लिहिला. आणि पडद्यावर आली नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग! तिथल्या साध्या पाटीला देवनागरी वाचताच येत नाही. मला क्षणभर वाटले, हेही चूक नाही. शब्द नसले तरी प्रश्न तर आहे. शेवटी मजकूर एका रकान्यात ठेवला, छोटा अर्ज बनवून त्यात तो दाखवला आणि वही मराठीत बोलली: 'बदल झाले आहेत. ठेवू, टाकू, की थांबू?'

तेव्हा मला वाढवण्याचा अर्थ उमगला. जुना व्यापारी दुकान वाढवताना नुसती फळी लावीत नसे. गल्ला मोजायचा, रोजकीर्दीशी ताळा घ्यायचा, शिल्लक मांडायची आणि मग वही मिटायची. त्याच वहीपुढे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो हात जोडी. रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये आपल्या वंशावळीच्या वह्यांत आजही यात्रेकरूकडून त्याच्या हातची नोंद आणि सही घेतात. वही मिटण्यापूर्वी तिच्यात ज्याचे काही आहे, त्याला विचारायचे, हा तो शिरस्ता. शब्द गोड होता, कारण त्यामागची कृती जबाबदारीची होती. आपण शब्द ठेवला आणि विचारणे कटकटीचे मानू लागलो.

त्या बाई यंदाही आमच्याकडे शिकवतात. वही मात्र सर्वांनाच आवडली आहे असे नाही. परवा शिक्षककक्षात एक सहकारी मिटता मिटता त्रासून म्हणाले, "अहो सर, विचारते हो ही! हिला गप्प करा की जरा."

मी म्हणालो, "काही बदललं असेल, तरच विचारते."

त्यांनी पडद्याकडे पुन्हा पाहिले. शेवटच्या रकान्यात त्यांचे कोपर टेकून एक आकडा उमटला होता. ते 'टाकू' दाबून निमूटपणे चहा प्यायला उठले.