मागून घेतलेली वाट

डोंगरातील शर्यतीचा मार्ग नकाशावर आखता येतो, अशी शहरात बसून शर्यत भरवू पाहणाऱ्या पुष्कळांची समजूत असते. परंतु मुळशी तालुक्याच्या पश्चिम कडेला, भांबुर्डे, एकोले आणि तैलबैला या गावांच्या दरम्यान पायी हिंडून ज्याने असा मार्ग मुक्रर केला आहे, त्याला हे पक्के ठाऊक असते की नकाशावरची ती तुटक रेषा म्हणजे कोठे कोणाच्या खाचराचा बांध, कोठे गुरांची ढोरवाट, तर कोठे सरपणासाठी नित्य जाणाऱ्या बायाबापड्यांची पायवाट असते, आणि तिच्यावरून परक्यांना पळवावयाचे तर आधी त्या त्या घराच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते.

वनखात्याची परवानगी, ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र, पोलिस ठाण्यास दिलेली लेखी खबर, हे सर्व कागद दप्तरी असलेच पाहिजेत; पण ज्याच्या सात-बाऱ्यातून वाट जाते त्याचा होकार मी या सर्वांहून वरचा मानतो, आणि तसे मानण्यास या तालुक्याचा इतिहासच कारण आहे. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, येथील मावळ्यांनी मुळशी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्या लढ्यापायी तुरुंगवास सोसला. तरीही धरण उभे राहिले, भाताच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, आणि ते पाणी कोकणात भिऱ्याच्या वीजगृहात उतरून मुंबईसाठी वीज निर्माण करू लागले. ज्या तालुक्यात शहराच्या गरजेपोटी माणसांची जमीन त्यांच्या मर्जीविरुद्ध गेली, तेथे शहरातून हौसेने येणाऱ्याने विचारल्यावाचून एका बांधावरही पाय ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

विचारल्याने वाटही सुधारते. एकोल्याच्या अलीकडे एका वृद्ध शेतकऱ्यास मी म्हटले, "आबा, तुमच्या बांधावरून मुलं पळाली तर चालेल का?" ते म्हणाले, "पळू द्या की, नको कोण म्हणतंय? पर कड ढासळली तर खाचरात पानी थांबायचं न्हाय, तेवढं बघा." एवढे बोलून ते मला बांधावर घेऊन गेले आणि टाचेने कडेची माती दाबून दाखविली, वरून भक्कम दिसणारा तो बांध खेकड्यांनी आतून पोखरलेला होता आणि टाचेखाली ढेकूळ सुटून खाली गेले. एकट्यादुकट्याच्या वजनाने त्याला काही होत नाही. एकामागून एक शेकडो पाय पडले म्हणजे मात्र तो बसतो. तेव्हापासून आमचा मार्ग तेथे बांध सोडून ओढ्याच्या गोट्यांतून जातो.

शर्यतीची तिथीही जमीनच ठरविते. पावसाळ्यात ताम्हिणीच्या या पट्ट्यात वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो आणि ओढे घटकेत वाट अडवितात. पुढे भातकापणी, झोडणी. फाल्गुनापासून ऊन आणि वणव्याचे भय. उरतो तो मार्गशीर्ष-पौषाचा काळ.

मार्गावर खुणा करणे ही या कामातील खरी कारागिरी, आणि तिच्याविषयी मी कितीही वेळ बोलू शकेन. पळणाऱ्याची दृष्टी पावलांपुढच्या जमिनीवर खिळलेली असते. म्हणून उघड्या कातळावर चुन्याची फक्की हवी, आणि कारवीच्या रानात, जेथे जमीन दिसतच नाही, तेथे डोळ्यांच्या उंचीवर फीत हवी. फाट्यावर एक खूण पुरत नाही: एक फाट्याच्या आधी, सावध करणारी, एक प्रत्यक्ष वळणावर, आणि एक वळल्यानंतर थोड्या अंतरावर, आपण बरोबर आलो अशी खातरजमा करून देणारी. चुकीच्या वाटेवर वाळक्या कारवीच्या काठ्या आडव्या टाकाव्या. दव चुना पुसते, गुरे फिती चघळतात, म्हणून पहाटे आमच्यातील एकाने संपूर्ण मार्ग पुन्हा पाहून यावा असा शिरस्ता आहे. तैलबैल्याच्या जुळ्या भिंतींखालच्या पठारावर तर ही दक्षता दुप्पट लागते. कारण तेथून सवाष्णीचा आणि वाघजाईचा असे जुने घाट कोकणात उतरतात, आणि एक वळण चुकले तर नवखाच नव्हे, चांगला कसलेला धावकही रायगड जिल्ह्यात जाऊन पोहोचतो. चढ, घसारा, ऊन यांनी त्याला खुशाल दमवावे. आमच्या हलगर्जीपणाने त्याला दमवू नये.

चीनमधील गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी झालेल्या १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अकस्मात गारा, वारा आणि थंडी यांनी २१ धावकांचा बळी घेतला. अंगावरचा वारारोधक कपडा तेथे सक्तीच्या सामानात नव्हता, आणि ज्या टप्प्यावर माणसे गारठली तेथवर गाडी पोहोचत नव्हती. सहाजणांना वाचविले ते तेथल्या एका मेंढपाळाने, आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन. ही हकीकत वाचल्यापासून आमच्या प्रत्येक चौकीवर, पाण्याच्या पिंपाशेजारी, गावातलाच एक वाटाड्या बसतो. मोबाईल जेथे मुका होतो तेथे त्याला जवळची आडवाट ठाऊक असते. चौकीवर छातीवरचा क्रमांक आणि वेळ वहीत शाईने उतरतात, सर्वांच्या मागून चालणारा राखणदार आला की त्या वहीची आधीच्या चौकीशी रुजवात होते, आणि हिशेब जुळल्यावाचून कोणतीही चौकी उठत नाही. पहिला आलेला कोण, हे लोक विचारतात. मी मात्र दिवसभर त्या वहीतील रिकाम्या रकान्यांकडे पाहत असतो, आणि एखादा रकाना फार वेळ रिकामा राहिला की वरच्या चौकीकडे माणूस धाडतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही फिती सोडवून आणतो, काठ्या बाजूला करतो, आणि ज्यांच्या रानातून गेलो त्या घरी जाऊन काही मोडतोड झाली का ते विचारतो. धावकांची संख्या वाढवा, असा आग्रह दरसाल होतो, आणि तो प्रेमापोटीच होतो. परंतु मार्गावरील घनगड किल्ल्याच्या पायथ्याची वाट एका माणसाच्या रुंदीची आहे, आणि गावच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यापर्यंत गावालाच पुरवावयाचे असते. म्हणून १५० नावे झाली की नोंदवही बंद होते. उरलेल्यांना मी पुढच्या वर्षी लवकर अर्ज करा असे लिहितो, आणि चौकीवर काम करण्याची इच्छा असल्यास याच वर्षी या, असेही कळवितो.