हकीकतीचा रकाना

शस्त्र हातात आलं की आधी मुठीकडे बघायचं नाही, हे मला नेरुळच्या काकांनी शिकवलं. मूठ नटवलेली असते आणि लबाडी करणाराही सगळी मेहनत तिथेच ओततो. काका कुठल्या संग्रहालयातले नव्हते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलं. कानस कुठे चालली आणि ग्राइंडर कुठे फिरला, हे ते ओरखड्यांवरून सांगत. निवृत्तीनंतर त्यांना कट्यारी-बिचवे पारखायचा नाद लागला आणि शेजारी म्हणून मीही त्यात ओढला गेलो. आज लोक विश्वासानं जुनी शस्त्रं माझ्यापुढे ठेवतात. ती पत माझी नाही, त्यांची आहे.

कोपरखैरण्याचं एक माथाडी कुटुंब एकदा तुर्की खंजीर घेऊन आलं. मूळ गाव जावळीकडचं. पणजोबा मराठा पलटणीत होते आणि पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात त्यांनी तो तुर्की अधिकाऱ्याच्या कमरेवरून हिसकावला, असं घरात सांगत. ‘लाखांत जाईल’ असंही कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

काकांनी पंख्याखाली सुती कापड अंथरलं, भिंग डोळ्याला लावलं आणि पातं उन्हाकडे तिरपं धरलं. मधला कणा टोकापर्यंत गेलेला, पण रेघेसारखा सरळ नव्हता. जाडीही हळूहळू, किंचित वेडीवाकडी कमी होत गेलेली. हे हातोड्याचं काम. पत्र्यातून कापलेल्या नकली पात्याची जाडी सगळीकडे सारखी असते. मग गंज. काळपट-तपकिरी, घट्ट बसलेला गंज जुना असतो. त्याला हात लावायचा नाही. बोटाला नारिंगी भुकटी लागली तर तो जिवंत, त्याला तेलाचं बोट फिरवून थांबवायचं. खाडीकाठच्या दमट हवेत हे महत्त्वाचं. पातं चामड्याच्या म्यानात ठेवू नका, हेही त्यांनी तिथेच बजावलं. चामडं ओल धरतं आणि पातं आतून खातं.

म्यानावरच्या चांदीत एक इवलासा शिक्का होता. काकांनी कपाटातून सुलतानांच्या तुघऱ्यांच्या झेरॉक्स काढल्या. तुघरा म्हणजे सुलतानाची नक्षीदार सही. उस्मानी चांदीवर तपासणीचा शिक्का म्हणून ती उमटवत, त्यामुळे राजवट कळते. अर्धा तास ताडून पाहिल्यावर ते म्हणाले, “अब्दुल हमीद दुसरा. म्हणजे 1876 ते 1909.” मुठीतला एक खिळा मात्र पितळी होता, बाकीचे लोखंडी. तो बहुधा गावच्या लोहारानं बसवलेला.

पात्यावरची कोरीव अक्षरं जवळजवळ पुसली गेली होती. कारण सरळ होतं. शंभर वर्षं दर खंडेनवमीला चिंच आणि राखेनं घासणं! उरलेल्या खोबणीत हळद-कुंकू दडून बसलेलं. त्या कुटुंबातला मुलगा म्हणाला, “काका, ते काढून टाकू का? जरा चकचकीत दिसेल.” काका एकदम गरजले, “अजिबात नाही! तुर्काच्या हातात तो किती वर्षं होता कुणास ठाऊक, तुमच्या देवघरात शंभर वर्षं आहे. तो पुरावा पुसायचा?”

अवघड गोष्ट पुढेच होती. कुतमध्ये पुण्याची सहावी डिव्हिजन 7 डिसेंबर 1915 पासून वेढली गेली आणि 29 एप्रिल 1916 ला उपाशीपोटी शरण आली. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिथेच होत्या. कैदी होऊन वाळवंटातून चालवत नेलेला शिपाई शत्रूचा खंजीर घरी कसा आणेल? काकांनी हे थेट विचारलं नाही. कुटुंबासोबत आलेल्या आजोबांना त्यांनी पणजोबा कुठल्या पलटणीत होते, कधी परतले, असं हळूहळू विचारत नेलं. उत्तरं धूसर होती. शेवटी ते इतकंच म्हणाले, “11 मार्च 1917 ला बगदाद पडलं. नंतर तिथल्या बाजारात पगाराच्या पैशातून घेतला असेल, तरी तो तुमच्या पणजोबांनीच आणला ना?” म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही, मग हसला.

2024 मध्ये लंडनहून साताऱ्याला वाघनखं आली, तेव्हा मला काकांची ही पद्धत आठवली. ती नेमकी शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आलेली नाही, असं ती ज्याची, त्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनंच म्हटलं आहे. तरी रांगा लागल्या. रांग लावणाऱ्यांना मी हसत नाही.

त्या खंजिराच्या किमतीबद्दल काकांनी चकार शब्द काढला नाही. शंभर वर्षांपुढची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते, ती परदेशी पाठवायची नाही, एवढं सांगितलं. आणि फूलस्केपवर चार रकाने आखले: पातं, मूठ, म्यान, हकीकत. पहिल्यात ‘हाताचं, जुनं, झिजलेलं’. दुसऱ्यात ‘एक खिळा इथला’. तिसऱ्यात सुलतानाचं नाव. चौथ्यात ‘कुटुंब सांगतं तशी’ आणि खाली आजोबांची सही घेतली.

कुणी विचारलं की तुमच्या अहवालात तो चौथा रकाना कशाला, तर मी काकांचं नाव सांगतो.