साडेनऊ आणि दहा

निलगिरीत कुणी जुनी गाडी घेतली की इथले लोक आधी ब्रेकची चौकशी करतात. इंजिन बिघडलं तर गाडी दारात उभी राहते. ब्रेक गेले तर ते कळतं घाटात. ऊटीहून मसिनगुडीकडे उतरणाऱ्या एकट्या कल्हट्टी घाटात 36 हेअरपिन वळणं आहेत.

वेलिंग्टनच्या पोस्टिंगमध्ये कुन्नूरच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांशी गट्टी जमली. माणूस कोडगूचा, पण सारी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत. मराठी पलटणीत शिकलेलं, त्यामुळे पहिल्या भेटीपासून मला 'अरे-तुरे'च. त्यांच्याकडे सत्तरच्या दशकातली ट्रायम्फ स्पिटफायर होती. मुलगी डिसेंबरात येणार होती आणि तिला कोइम्बतूर विमानतळावरून याच गाडीतून घाट चढवून आणायचं, असा बेत होता. इंग्लंडहून ब्रेकच्या सामानाचं पार्सलही आलं होतं.

"फक्त बसवायचंय रे. रविवारी ये."

जुन्या गाडीत 'फक्त बसवायचंय' असं काही नसतं. स्पिटफायर 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं बनली. पुढे 9 इंची डिस्क आणि मागे 7 इंची ड्रम ही मांडणी कायम राहिली, म्हणून सगळं सामान एकच असेल असं वाटतं. पण नुसत्या वर्षावरून सामान मागवता येत नाही. ट्रायम्फच्या गाडीवर कमिशन नंबरची पट्टी असते. एफसीने सुरू होणारा नंबर पहिल्या दोन मॉडेलांचा, एफडी तिसऱ्याचा, एफएच चौथ्याचा आणि 1500 चा. पार्ट्स कॅटलॉग याच नंबरावर चालतो: अमुक नंबरापर्यंत हा पार्ट, पुढे तो.

हा नंबरही सांगतो ते फक्त कारखान्यातून गाडी कशी निघाली एवढंच. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत कुणी काय बदललं, ते गाडीवरच मोजावं लागतं. कुणी मोठ्या जीटी6 चं पुढचं सामान चढवलं असेल, तर डिस्क 9 ऐवजी 9.7 इंच भरते. मास्टर सिलिंडरच्या अंगावर बोअरचं माप बऱ्याचदा ओतलेलं असतं, तेही वाचावं. 5/8 इंचाच्या जागी 3/4 इंचाचा बसवला, तर पिस्टनचं क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढतं आणि पायाचा जोर तेवढाच असेल तर दाब जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटतो. गंमत म्हणजे पेडल मात्र कडक लागतं आणि चालवणारा म्हणतो, वा, ब्रेक झकास!

आमच्या गाडीत डिस्क बरोबर होती, सिलिंडर बरोबर होता. घोळ निघाला आट्यांत. सत्तरच्या दशकात ब्रिटिश गाड्यांचे ब्रेक इंची मापावरून मेट्रिकवर गेले. जुना आटा 3/8 इंची, म्हणजे 9.5 मिलिमीटर, इंचाला 24 आटे. नवा 10 मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर. डोळ्याला दोन्ही सारखेच. मेट्रिक नट इंची भोकात शिरतच नाही. उलट मात्र घडतं: इंची नट मेट्रिक भोकात जातो, थोडा हलतो आणि शेवटी आवळल्यासारखाही वाटतो. पण आटे एकमेकांना नीट धरत नाहीत. घाबरून पेडल दाबलं की पूर्ण दाब त्या अर्धवट पकडीवर येतो.

मी मेट्रिक आट्याचा एक नट हाताने लावून पाहिला. उजव्या कॅलिपरमध्ये तो शिरला नाही. डावीकडे अलगद गेला. कधीतरी कुणीतरी डावा कॅलिपर एकटाच बदलला होता आणि त्यात जुनाच इंची होज पाइप बसवला होता. गळू नये म्हणून आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळलेली. कर्नलसाहेब वर्षभर याच गाडीने क्लबात जात होते.

पार्सलमधले दोन्ही होज इंची होते.

"पुन्हा टेप लावून एकदा खाली-वर होणार नाही?" त्यांनी विचारलं. डिसेंबर तीन आठवड्यांवर होता.

"नाही सर."

"ऑर्डर आहे असं समज."

"तरी नाही, सर. ताई बाजूला बसणार आहे."

ते बराच वेळ चाकाकडे बघत राहिले. मग किल्ली खिशात घातली आणि टॅक्सीवाल्याला फोन लावला.

कॅलिपरची एकसारखी जोडी फेब्रुवारीत आली. दोन्ही बाजूंना त्याच मापाचे होज बसवले, डॉट 4 ब्रेक ऑइल नवं भरलं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं असताना 230 अंशांच्या आत उकळू नये असा नियम आहे, पाणी मुरल्यावर ती मर्यादा 155 वर येते. घाटात तापलेल्या ब्रेकला तेवढं पुरतं. सगळं हवाबंद झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून धरलं आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. मग सपाट रस्ता, मग छोटा उतार, घाट सगळ्यात शेवटी.

मुलगी तोवर परत गेली होती. कर्नलसाहेबांनी एक पोस्टकार्ड घेतलं आणि त्यावर लिहिलं: कमिशन नंबर, डिस्कचा व्यास, मास्टर सिलिंडरचा बोअर, दोन्ही कॅलिपरचे आटे, ऑइल बदलल्याची तारीख. ते प्लास्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं.

"गाडी पुढे तिचीच आहे," ते म्हणाले. "तिला कुणाला विचारत बसायला नको."